रत्नागिरीत दीड दिवस आणि एक कॅमेरा: कुठे उभी राहू?

पायवाट | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी पुण्याची. दत्तजयंतीच्या दिवशी रत्नागिरीत मामेबहिणीचा साखरपुडा आहे. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत पोचेन. शनिवारी अकरा ते तीन कार्यालयात. रविवारी दुपारची परतीची गाडी. म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारची पहाट आणि संध्याकाळ, रविवारची सकाळ एवढाच वेळ माझ्या हातात आहे.

यादी करून ठेवली आहे: थिबा राजवाडा, थिबा पॉइंट, रत्नदुर्ग, दीपगृह, मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा बंदर, टिळक जन्मस्थान, आरे-वारे, गणपतीपुळे, पावस. अकरा ठिकाणं झाली. एवढं होणार नाही हे मलाही कळतंय, पण काय गाळावं ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मालवणला असाच दोन दिवसांचा दौरा केला होता. नऊ ठिकाणं पाहिली, आठशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन बघते तर प्रत्येकात पांढरंफटक आकाश आणि सपाट समुद्र. बाबांना एक फोटो मोठा करून द्यायचा होता, आठशेतला एकही द्यावासा वाटला नाही. त्यांचं बालपण रत्नागिरीत गेलं आणि आता त्यांना प्रवास झेपत नाही. या वेळी त्यांच्यासाठी एक तरी फोटो नीट मिळवायचा आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर, १८-५५ची लेन्स आणि हलका ट्रायपॉड आहे.

आंबेवाट | सोमवार, रात्री १०.०५

आरे-वारे चुकवू नका! रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाताना चढावर गाडी थांबवली की खाली दोन पुळणी (वाळूचे किनारे) एकदम दिसतात. तिथून पुढे पुळ्याला बाप्पाचं दर्शन करा. शहरापासून २५ किलोमीटर आहे, रस्ता चांगला आहे. शहरात फोटो काढण्यासारखं फार काही नाही असं माझं मत.

भाट्येकर | सोमवार, रात्री ११.३०

आंबेवाट, आरे-वाऱ्याचा चढ सुंदर आहे, वादच नाही. पण "शहरात फार काही नाही" हे मला मान्य नाही. मी इथेच जन्मलो, वीस वर्षं इथेच कॅमेरा घेऊन फिरतो आणि अजून माझं मांडवीसुद्धा काढून झालेलं नाही.

पायवाटताई, तुमच्या यादीत ठिकाणं आहेत, पण वेळा नाहीत. मालवणला तेच झालं असणार. कोकणात जागा ठरवायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या: सूर्य कुठे बुडणार आणि पाणी कुठे असणार. त्या दोन्ही तुमच्या बाजूने आहेत, कशा ते सांगतो.

आधी पाणी. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, पण घरी बसून बेत आखायला हा हिशेब पुरतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या आसपास आलात तर सूर्यास्ताला समुद्र बंधाऱ्याला टेकलेला असतो, वाळू दिसतच नाही. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आलात तर ऐन संध्याकाळी पाणी मागे गेलेलं असतं. तेही उधाणाचे दिवस, म्हणजे ओहोटी नेहमीपेक्षा खोल. तुम्ही शुक्रवारी चतुर्दशीला आणि शनिवारी पौर्णिमेला इथे आहात. दोन्ही दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास मांडवीची ओली पुळण उघडी असेल. साखरपुड्याचा मुहूर्त काढणाऱ्याने तुमचं काम करून ठेवलंय.

आता सूर्य. डिसेंबरात तो सरळ पश्चिमेला बुडत नाही, चांगला नैर्ऋत्येला कललेला असतो. सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी मावळतो. मांडवीच्या जेट्टीवर उभ्या राहिलात तर तो मोकळ्या पाण्यात उतरताना दिसेल आणि रत्नदुर्गाचा डोंगर उजव्या हाताला काळा कडा धरून उभा असेल. हीच जागा मे महिन्यात वेगळी असते. सूर्य तेव्हा किल्ल्याच्या अंगाला सरकलेला असतो. लोक उन्हाळ्यातला फोटो बघून डिसेंबरात येतात आणि चुकीच्या बाजूला ट्रायपॉड लावतात.

मांडवीच्या वाळूबद्दल एक. ती काळी आहे, म्हणून जुनी माणसं या बाजूला काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याकडच्या बाजूला पांढरा समुद्र. ओहोटीला ही काळी वाळू ओली झाली की आरशासारखी होते. पांढऱ्या वाळूवर आकाशाचं प्रतिबिंब फिकट उमटतं, काळीवर गडद. सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं हलू नका. सगळे भेळ खायला वळतात आणि खरा रंग तेव्हा खाली उतरतो.

आणि ऐन सहाच्या सुमाराला एकदा मागे वळा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य बुडताना उगवतो. मार्गशीर्षातला पूर्ण चंद्र उन्हाळ्यातल्या सूर्याच्या वाटेने येतो, म्हणजे ईशान्येकडे झुकून. जेट्टीवरून ती बाजू शहराची आहे. घरांच्या आणि माडांच्या वर चंद्र, आकाश अजून निळं, खाली दिवे लागताहेत, असा फोटो महिन्यातून एखाद-दोन संध्याकाळीच मिळतो. नंतर आकाश काळं पडतं आणि चंद्र नुसता पांढरा ठिपका होतो.

माझं म्हणणं: शुक्रवारी संध्याकाळी मांडवी. शनिवारी संध्याकाळी पुन्हा मांडवी. शनिवारी पहाटे मिरकरवाडा. रविवारी सकाळी थिबा राजवाडा आणि टिळक आळी. बाकीचं पुढच्या वेळी.

पायवाट | मंगळवार, सकाळी ७.५०

भाट्येकर, पाऊणपटीचा हिशेब वाचून मी सकाळी कालनिर्णय काढून बसले. मालवणला गेलो तो दिवस शोधला, वद्य सप्तमी होती. संध्याकाळी बंधाऱ्याला लाटा आपटत होत्या ते आठवलं! मनापासून आभार.

पण दोन्ही संध्याकाळी एकाच जागी? रत्नदुर्ग गाळायचा म्हणजे जिवावर येतंय.

सडाफुली | मंगळवार, सकाळी ९.१५

मला रत्नदुर्गाची बाजू घ्यायची आहे. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, आणि शेजारच्या टेकाडावर दीपगृह. पश्चिमेच्या बुरुजावरून खाली कड्यावर फुटणारी लाट दिसते ती मांडवीहून दिसणार नाही. दुसऱ्या अंगाला वळलात की मिरकरवाडा बंदर पूर्ण पायाखाली: शेकडो होड्या, प्रत्येकीला वेगळा रंग, वर झेंडे. संध्याकाळी साडेचार-पाचला ऊन तुमच्या पाठीमागून होड्यांवर पडतं. मात्र उशीर करू नका, डोंगराची सावली बंदरावर लवकर पसरते. दीपगृहात आत जायचं असेल तर संध्याकाळी थोडाच वेळ सोडतात, तो आधी विचारून घ्या.

शुक्रवारी साडेचारला किल्ला, सव्वापाचला खाली उतरून मांडवी, असं जमतं. अंतर फार नाही. फक्त जी रिक्षा घेऊन वर जाल तिलाच थांबवून ठेवा. संध्याकाळी वरून परतीची रिक्षा मिळत नाही, मी एकदा ट्रायपॉड खांद्यावर टाकून अंधारात चालत उतरले आहे.

भाट्येकर | मंगळवार, सकाळी ९.४०

हे पटलं. शुक्रवारसाठी सडाफुलींचा बेत माझ्यापेक्षा चांगला आहे. शनिवार मात्र मांडवीलाच ठेवा. पहिल्या संध्याकाळी आपण जागा बघतो, दुसऱ्या संध्याकाळी फोटो काढतो.

नवी_चौकट | मंगळवार, दुपारी १.२०

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. धागा वाचतोय आणि जानेवारीत जायचा विचार आहे. मोबाइलवर हे सगळं जमेल का?

उघडझाप | मंगळवार, दुपारी २.१०

जमेल. वेळ आणि ओहोटी मोबाइललाही तीच. तीन गोष्टी करा. लेन्सची काच दर दहा मिनिटांनी सुती कापडाने पुसा, खाऱ्या वाऱ्याचा थर डोळ्यांना दिसत नाही पण दिवे पसरलेले येतात. पडद्यावर उजळ आकाशावर बोट दाबून धरा, प्रकाश तिथे कुलूपबंद होतो, मग उजेड थोडा खाली ओढा. आणि बोटांनी फोटो मोठा करत बसू नका, दोन पावलं पुढे जा.

डीएसएलआरवाल्यांसाठी: मांडवीच्या काळ्या वाळूला कॅमेरा फसतो. चौकटीत काळं जास्त दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो सगळंच उजळवून ठेवतो आणि आकाश जातं. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड). लाट परत जाताना वाळूवर रेघा सोडते, त्या हव्या असतील तर शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास. दहा-पंधरा सेकंद ठेवलंत तर रेघा जाऊन धुकं होतं. मला स्वतःला रेघा आवडतात, कारण पाणी कुठून कुठे गेलं ते दिसतं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला असेल तर फिरवताना जपून, तो प्रतिबिंबच पुसून टाकतो, आणि इथे प्रतिबिंबासाठीच आलोय.

आणि हे फार महत्त्वाचं. एसी खोलीतून कॅमेरा काढून थेट पहाटेच्या दमट हवेत नेलात तर लेन्सवर आतबाहेर वाफ धरते आणि पंधरा-वीस मिनिटं जात नाही. माझी भाट्याच्या सुरुबनातली एक अख्खी पहाट अशी गेली. झाडांमधून उन्हाचे पट्टे येत होते आणि मी काच पुसत बसलो होतो, पुसली की पुन्हा. रात्री बॅग बंद करून गॅलरीत किंवा एसी नसलेल्या खोलीत ठेवा. बाहेर नेल्यावर बॅग लगेच उघडू नका. घरी परतल्यावर कॅमेरा ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने, आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती अशीच विसरलेल्या दमटपणामुळे.

खलाशाची_लेक | मंगळवार, रात्री ८.३०

मिरकरवाड्याचं नाव आलं म्हणून लिहिते. माझे वडील तीस वर्षं ट्रॉलरवर होते. बंदर हे आमचं कामाचं ठिकाण आहे. पहाटे होड्या लागतात, माशांच्या पाट्या उतरतात, लिलाव सुरू होतो, बर्फ फुटतो, टेंपो उलटे लागतात. त्या गर्दीत कोणी पाठमोरं चालत कॅमेरा डोळ्याला लावून आलं की खांद्यावर पाटी घेतलेला माणूस त्याच्यावर आपटतो. घसरडं असतं, लागतं. नुकसान त्या पाटीवाल्याचं होतं.

आणखी एक. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. आईचा असा एक फोटो कुणीतरी काढून इंटरनेटवर टाकला होता. पदर खोचलेला, घाम आलेला, तोंडावर वैताग. खाली लिहिलं होतं कोकणचं सौंदर्य. तिला तो शेजारणीने दाखवला. ती आठ दिवस लिलावाला गेली नाही. आधी बोला. मासे घ्या किंवा नका घेऊ, पण बोला. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली करा, आणि तो खाली केलेला त्यांना दिसू द्या.

जायचं तर लिलावाच्या कडेने जा. बाजूला जाळी शिवत बसलेली माणसं असतात, त्यांना वेळ असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर भरलेलं दिसतं पण काम थांबलेलं असतं. डिसेंबर चांगला.

पायवाट | मंगळवार, रात्री ८.५५

तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. हे लिहिल्याबद्दल आभार. मी असंच करेन.

आंबेवाट | मंगळवार, रात्री ९.३०

खलाशाची लेक, मी स्वतः मागे तिथे न विचारता फोटो काढले आहेत. पुन्हा नाही काढणार.

ड्रोन चालेल का हो कुणी सांगेल का? किल्ल्यावरून भारी दिसेल.

उघडझाप | मंगळवार, रात्री १०.००

रत्नागिरीला तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, त्यामुळे परिसराचा नकाशा आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर बघावा लागतो. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे लाल आणि पिवळ्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही, २५० ग्रॅमच्या आतलं असलं तरी. शिवाय बंदर, दीपगृह. दीड दिवसाच्या फेरीत या भानगडीत पडू नये असं मी सांगेन.

सडाफुली | बुधवार, सकाळी १०.२०

विषय थोडा बाजूला नेते, पण रत्नागिरीचा धागा आणि कातळशिल्पांचं नाव नाही हे मला सहन होईना. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या माळपठारावरच्या, जांभ्या दगडात कोरलेली ही चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण रत्नागिरी तालुक्यातच आहेत. राजापूरकडे कशेळीला हत्तीचं शिल्प आहे, १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली आहेत.

बहुतेक लोक दुपारी जातात आणि म्हणतात काही दिसलंच नाही. कोरीव काम उथळ आहे, डोक्यावर सूर्य असला की खाचेत सावलीच पडत नाही. सकाळी सूर्य उगवल्यावर पहिल्या तासात किंवा मावळण्याआधीच्या तासात जा. ऊन आडवं आलं की प्रत्येक रेघेला एक काळी कड येते आणि हत्ती जमिनीतून उठून उभा राहतो. मी उक्षीला पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा तास समोर उभी होते आणि सोंड कुठली तेच कळत नव्हतं. साडेपाचला ऊन खाली आलं आणि सोबतचा दहा वर्षांचा भाचा ओरडला, "मावशी, डोळा!" त्यानंतर पूर्ण आकृती एका मिनिटात दिसली. ढगाळ दिवशी हे होणार नाही. तेव्हा टॉर्च जमिनीलगत आडवी धरून बघा.

रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना भरू नका. शिल्पावर पाय देऊ नका.

पायवाट, तुमच्या वेळेत हे बसणार नाही, मला माहीत आहे. पण गणपतीपुळ्याऐवजी कधीतरी एक सकाळ या सड्यांना द्या.

पायवाट | बुधवार, रात्री ९.१०

दोन शेवटचे प्रश्न. एक: मी एकटी असेन, मांडवीला अंधार पडेपर्यंत थांबणं ठीक आहे का? दोन: रविवारी सकाळी थिबा राजवाड्यात काय बघू? नुसती इमारत समोरून काढायची नाहीये.

भाट्येकर | बुधवार, रात्री १०.४५

मांडवीला संध्याकाळी शहर लोटतं. घरच्या घरी आलेली माणसं, भेळवाले, मुलं. आठपर्यंत काही काळजी नाही. काळजी पाण्याची. शनिवारी तुम्ही ऐन ओहोटीला खाली उतराल आणि सूर्यास्तानंतर पाणी परत यायला लागेल. उधाणाची भरती चालत येत नाही, भराभर येते. बॅग खाली वाळूवर किंवा खडकावर ठेवून पुढे जाऊ नका. एकदा माझी बॅग ज्या खडकावर होती त्याच्याभोवती पाणी आलं, गुडघाभर पाण्यातून जाऊन आणली, एक लेन्स गेली ती गेलीच. खांद्याला अडकवूनच राहा. आरे-वाऱ्याला तर पाण्यात पाय घालू नका असंच मी सगळ्यांना सांगतो, तो समुद्र फसवा आहे.

थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं, पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. पंचवीस वर्षं तो या गावात दुसऱ्या घरांत राहिला आणि जेमतेम सहा वर्षं या वाड्यात. मला तिथे गेलं की हेच आठवतं, आणि म्हणून मी समोरून फोटो काढतच नाही. वरच्या मजल्यावर अर्धगोल लाकडी खिडक्या आहेत, कोरीव. सकाळी त्यांतून ऊन जमिनीवर पडतं. त्या उजेडात काय दिसतं ते बघा. आत संग्रहालय आहे, कॅमेऱ्याचं काय ते दारावरच विचारा, नाही म्हटलं तर बाहेरचे व्हरांडे पुरेसे आहेत. मग जवळच थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पूल, राजिवड्याची वस्ती, आणि काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा. राजाही इथूनच होड्या बघत असे असं गावात सांगतात.

टिळक आळीत टिळकांचं जन्मघर आहे, २३ जुलै १८५६चा जन्म. ते बघाच, पण आळीतून चालाही. जांभ्याचे गडगे, मंगलोरी कौलं, तुळशीवृंदावनं अजून आहेत. जांभा उन्हात तपकिरी दिसतो आणि सावलीत खरा लाल. म्हणून हे काम दहा-अकराला केलं तरी चालतं, सावलीची बाजू धरा. वडिलांचं घर कोणत्या भागात होतं?

पायवाट | बुधवार, रात्री ११.००

खालची आळी, एवढंच ते सांगतात. घर आता राहिलेलं नाही.

भाट्येकर | बुधवार, रात्री ११.१०

मग त्यांना फोन करून विचारा की लहानपणी संध्याकाळी कुठे जात होते. त्या जागी उभ्या राहा.

पायवाट | पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

परत आले. जरा सविस्तर लिहिते, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात म्हणून.

शुक्रवारी साडेचारला रत्नदुर्ग. रिक्षावाल्या काकांना थांबवून ठेवलं, ते स्वतःच माझ्याबरोबर बुरुजापर्यंत आले आणि कोणती होडी कुठल्या गावची ते सांगत राहिले. बंदरावर ऊन होतं ते पाच वाजून दहा मिनिटांनी गेलं, सडाफुली म्हणाल्या तसंच. मग मांडवी. त्या दिवशी मी फोटो फारसे काढलेच नाहीत. लाट कुठपर्यंत येते, जेट्टीची सावली कुठे पडते, हे बघत फिरले.

शनिवारी पहाटे सहाला मिरकरवाडा. बॅग रात्रभर गॅलरीत ठेवली होती, लेन्सवर वाफ नाही. लिलावाच्या कडेला एक मावशी तारली निवडत बसल्या होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, "फोटो नको गो बाय." कॅमेरा बॅगेत घातला आणि शेजारी उकिडवी बसले. पुण्यात मासे कसे मिळतात, केवढ्याला मिळतात, यावर बराच वेळ बोलणं झालं. वडील खालच्या आळीतले म्हटल्यावर त्यांनी वर बघितलं. उठताना त्याच म्हणाल्या, "आता काढ. हातांचा काढ, तोंडाचा नको." मी तीन काढले. हिरव्या काचेच्या बांगड्या, त्यांना मनगटापासून कोपरापर्यंत चिकटलेले तारलीचे खवले, आणि नेमकं तेव्हाच होड्यांच्या फटीतून पहिलं ऊन आलं. प्रत्येक खवला वेगळा चमकतोय. लेन्स ५५वर होती, शटर १/१२५. याच्या जवळपास जाणारा फोटो मी आजवर काढलेला नाही.

बाबांना शुक्रवारी रात्री फोन केला होता. ते म्हणाले, शाळा सुटली की मांडवीला, जेट्टीच्या डाव्या अंगाला, जिथे पायऱ्या होत्या तिथे बसायचो. आई ओरडेल म्हणून दिवे लागायच्या आत पळत घरी. शनिवारी मी तिथेच ट्रायपॉड लावला. सूर्य ढगात गेला, सूर्यास्त नीट दिसलाच नाही. वीस मिनिटं थांबले. वाळू आधी राखाडी, मग जांभळी, मग एकदम तांबूस झाली. लोक निघून चालले होते. सहा वाजून गेल्यावर मागे वळले तेव्हा चंद्र माडांच्या वर हातभर आला होता, मोठा, पिवळसर, आणि खाली घरांचे दिवे एक एक लागत होते. बाबांना "दिवे लागायच्या आत" घरी पोचायचं असे ते हे दिवे. तो फोटो त्यांच्यासाठी मोठा करायला दिला आहे, १२ बाय १८.

थिबा राजवाड्यात खिडकीचं ऊन मिळालं. आरे-वारे, पुळे, पावस, भाट्ये राहिलं. एकूण फोटो एकशे चाळीस.

सडाफुली | मंगळवार, रात्री ९.५०

दिव्यांचा फोटो इथे टाका ना. आणि हातांचाही.

पायवाट | मंगळवार, रात्री १०.०५

दिव्यांचा टाकते. हातांचा मावशींना विचारल्याशिवाय नाही. त्यांना प्रिंट पाठवायचा आहे, पण पत्ता घ्यायचा राहून गेला. लिलावाच्या शेडच्या शेवटच्या खांबापाशी बसतात एवढंच माहीत आहे. मिरकरवाड्याला जाणारं इथे कोणी आहे का?

खलाशाची_लेक | मंगळवार, रात्री १०.२०

मी रविवारी माहेरी जातेय. व्यक्तिगत संदेशात माझा पत्ता पाठवते, प्रिंट माझ्याकडे पाठवा. दोन काढा. त्या मावशी शेवटच्या खांबापाशी बसत असतील तर आईच्या शेजारच्याच आहेत.